डोंगलला कप्पा हवा

१६ नोव्हेंबर

नमुना आला. कुडाळच्या स्टँडवर पार्सलच्या खिडकीशी अर्धा दिवस गेला. खोक्यावर 'नाजूक' असं ठळक लिहायला सांगितलं होतं, तसं लिहिलेलंही होतं, आणि त्याच शब्दावर कोणीतरी नारळांचं पोतं टेकवून ठेवलं होतं. कीबोर्डला ओरखडाही नाही. निदान तेवढं तरी मी बरं बनवलं आहे.

काळा, सपाट, आवाज नाही, दिवे नाहीत. पुण्यात सात वर्षं मी दुसऱ्यांच्या गेमिंग कीबोर्डवर काम केलं आणि प्रत्येक वेळी वरून एकच निरोप यायचा, अजून दिवे घाला. आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानावर नसतील एवढे रंग एका कीबोर्डात. ते बंद करायचे तर आधी एक प्रोग्रॅम उतरवून घ्या, त्यात खातं उघडा, मग तो प्रोग्रॅम दर आठवड्याला स्वतःला अपडेट करणार आणि दिवे पुन्हा लावणार. अक्षरं अशी वळवलेली की बी कुठला आणि आठ कुठला ते कळू नये. डाव्या कडेला पाच जादा बटणं, जी फक्त चुकून दाबली जातात. हे सगळं माझ्या कीबोर्डात नाही.

एकच दिवा आहे, तोही कीबोर्डावर नाही. वायरऐवजी संगणकात खुपसायचा जो नखाएवढा तुकडा असतो, डोंगल, त्याच्या टोकाला हिरवा ठिपका आहे. वीज मिळाली की लागतो. तो संगणकाच्या मागे असतो, कोणाला दिसत नाही.

बायकोने, उर्वशीने, खोकं उघडल्या उघडल्या कीबोर्ड बाजूला ठेवला आणि डोंगल तळहातावर घेतला. "ह्येका ठेवूक जागा खंय?"

मी म्हटलं, संगणकात.

"आणि संगणकातसून काढल्यावर?"

काढायचाच कशाला, असं मी विचारलं. पहिल्या आराखड्यात तळाला कप्पा होता; मीच तो काढला, कारण तळाची रेषा त्याने मधेच तुटत होती. हे तिला तेव्हाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "हरावतलां तां." मग चहा ठेवायला गेली. सात वर्षांचा अनुभव माझा आणि शेवटचा शब्द तिचा.

पुण्याच्या एका दुसऱ्या कंपनीच्या किशोरी मॅडम १२ डिसेंबरला नमुना बघायला येणार आहेत. पसंत पडला तर पहिली ऑर्डर आणि मी इथेच. नाही तर १ जानेवारीला पुण्यात, जुन्या खुर्चीवर. जुन्या साहेबांनी ती तोवर रिकामी ठेवली आहे. उर्वशी म्हणते, तू जाशील तिथे मी येईन. आज तिने विहिरीच्या कडेला मिरचीची रोपं लावली.

२० नोव्हेंबर

घरात शांतता असेल तर शांत कीबोर्डची परीक्षा घेता येईल. उर्वशीचा कीबोर्ड तिच्या लग्नाआधीचा, निळ्या स्विचचा. प्रत्येक बटणाला कट् असा आवाज. दिवसा ती त्यावर ऑनलाइन शिकवणीचे पेपर काढते, संध्याकाळी कुडाळ आणि पणजीच्या मैत्रिणींबरोबर तासभर गेम खेळते. चौघींची टीम आहे आणि त्या जिंकतात, हे मी मान्य करतो. पण तो कीबोर्ड बघवत नाही. डब्ल्यूच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, वायर विहिरीच्या दोरासारखी.

आई ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. बाबा म्हणाले, "आमच्या घरात आता दोन आडकित्ते. एक तुझ्या आयेचो, एक सुनेचो." सगळे हसले. मी आवाज काढून टाकायला निघालोय आणि घरच्यांना त्याचं कौतुक.

२४ नोव्हेंबर

संताप कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून इथे ठेवतो.

आज देवळात कौल झाला. देवाने गावपळण दिली. १० डिसेंबरला निघायचं, १३ ला परतायचं. मॅडम १२ ला येणार. चार वर्षांत ज्या तीन रात्री गाव रिकामं असायचं त्यांतच त्या यायच्या.

बाबांना म्हटलं, दोन दिवस पुढे-मागे नाही का होणार? बाबा गावचे मानकरी. सगळे बाहेर पडले ना, कोणी मागे राहिलं नाही ना, हे बघायची जबाबदारी त्यांची. ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "देवान तारीख देवची ती तुझ्या कंपनीक इचारून?" आणि पुन्हा जेवू लागले. चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर मला भांडता आलं असतं.

मॅडमना फोन केला. त्यांना समजावून सांगताना मलाच ते विचित्र वाटायला लागलं. सगळं गाव माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं घेऊन वेशीबाहेर जातं, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे झोपड्या बांधून राहतं. घरात दिवा नाही, चूल नाही. तीन रात्री गाव देवाचं. कोणी मधे पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की परत.

"शाळासुद्धा?" त्यांनी विचारलं.

शाळासुद्धा, म्हटलं.

तारीख बदलणं त्यांना शक्य नाही. गोव्याचं काम संपवून त्या पुण्याला चालल्यात, बारालाच संध्याकाळची गाडी आहे आणि पंधराला त्यांची बैठक. म्हणाल्या, "मग झोपडीतच भेटू. दिवे नसलेल्या कीबोर्डला ती जागा शोभेल." थट्टा होती की काय ते कळलं नाही. दूरच्या माणसांच्या थट्टेला मी अजून सरावलेलो नाही, घरच्यांच्याच पुरतात.

२९ नोव्हेंबर

दिवसभर झोपडीसाठी माडाच्या झावळ्यांची चुडतं विणणं. संध्याकाळी उर्वशीला नमुन्यावर खेळायला बसवलं. हरली. टीममधल्या पणजीच्या मुलीने तिला विचारलं, आज झोपून खेळतेस का.

"दाबलां की नाय तांच कळाक नाय," उर्वशी म्हणाली.

मी तिला समजावलं की बटण तळापर्यंत न्यावंच लागत नाही, दीड मिलिमीटरवर लागतं, तोच तर फायदा आहे.

"माझ्या बोटाक मिलिमीटर कळणा नाय," ती म्हणाली आणि स्वतःचा कीबोर्ड जोडला. कट् कट् कट्. पुढचा डाव जिंकली.

सवय वाईट गोष्टीची लागली की चांगली गोष्ट अंगाला लागत नाही. हे वाक्य मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "होय बाबा," आणि मैत्रिणींशी बोलायला लागली.

स्पेसबार अजून खुळखुळतो. डाव्या बाजूला दाबलं तर नाही, उजव्या बाजूला दाबलं तर खुळखुळतो. जगातले सगळे कीबोर्ड इथेच मार खातात. तिच्या जुन्या नेलपॉलिशचा ब्रश धुऊन वंगण लावलं. आता दोन्ही बाजूंना खुळखुळतो.

६ डिसेंबर

कीबोर्डात मुंग्या. उघडला, झाडला, लावला. खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजू नयेत म्हणून काय काय केलं मी. मुंग्यांचा विचार पुण्यात कोणाच्या डोक्यात येणार? स्पेसबारचा खुळखुळ मात्र गेला. का गेला, माहीत नाही. मुंग्यांना विचारायला हवं होतं.

९ डिसेंबर

शेवटची तालीम झाली. घरच्या संगणकावर, डोंगल मागच्या बाजूला लावून. पुढची जागा गंजली आहे. सगळं ठीक चाललं. मॅडम स्वतःचा लॅपटॉप आणणार आहेत. मी बोलायचं काय, कुठल्या क्रमाने, सगळं ठरलं आहे. आधी दिवे, मग अक्षरं, मग गंज, शेवटी आवाज.

आईची बांधाबांध बघून डोकं फिरतं. तिच्या मापाने आम्ही तीन वर्षांसाठी चाललो आहोत. सामान बाळाच्या टेम्पोत जाणार. तो शेजारचा, एरवी रिक्षा चालवतो. त्याने विचारलं, "काकी, इहीर न्हेवची आसा की रवांदे?" आई म्हणाली, दोर तेवढा घे. खरंच घ्यायला लावला.

उर्वशी आपला कीबोर्ड घेते आहे. तिथे विजेचा पत्ता नाही. म्हणाली, बाळाच्या टेम्पोच्या बॅटरीवर लॅपटॉप चालेल, अकराला सामना आहे. देवाची पळण आणि हिचा सामना दोन्ही पाळायचे.

१० डिसेंबर

वहाळापलीकडे, झोपडीत.

सकाळी निघालो. मांजर टोपलीत यायला तयार नव्हतं. कोंबड्या त्याच्याआधी शहाण्यासारख्या आल्या. मी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं आणि चावी आईकडे दिली. वाटेत अर्ध्यावर तिला काय आठवलं, म्हणाली, देवासमोरची वात बघून येते, आणि मागे वळली. टेम्पो सुरू, बाळाचा हॉर्न सुरू, बाबा पुढे गेलेले.

बऱ्याच वेळाने आली. मी जरा जोरातच विचारलं की वात विझलेलीच होती ना?

"वात होती इजलेली. तुझ्या खोलयेत एक हिरवो डोळो उघडो होतो. तो इजवलंय."

यूपीएस, वीज गेली की संगणकाला पुरवणारं बॅटरीचं खोकं. ते बंद करायचं राहिलंच होतं माझ्याकडून. मेन स्विच गेला तरी ते चालूच राहतं. आईला ते बंद करता आलं याचं आश्चर्य वाटलं. तिने एकेक बटण दाबून बघितलं असणार. चला, निदान एक काम माझ्याशिवाय झालं.

झोपडी बरी झाली आहे. शेजारच्या झोपडीत भजन, त्यापलीकडे पत्ते, सगळीकडून धूर. शांत कीबोर्डवाल्याला याहून गोंगाटाची जागा शोधून मिळाली नसती.

११ डिसेंबर

डोंगल घरी राहिला.

सकाळी नमुना पिशवीतून काढला तेव्हा आठवलं. संगणकाच्या मागे लावलेला, तालमीनंतर काढायचा राहिला. तरी सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. तांदळाच्या डब्यातही बघितलं.

कीबोर्ड त्याच्याशिवाय मेलेला आहे. ब्लूटूथ मी ठेवलं नाही, खेळताना ते मागे पडतं. वायर फक्त चार्जिंगला ठेवली, कारण वायर लावून खेळायचं असेल तर बाजारात शंभर कीबोर्ड आहेत. हे सगळे निर्णय कागदावर फार छान दिसत होते.

उर्वशीने विचारलं, काय शोधतोयस? म्हटलं, एक स्क्रू. तिला खरं सांगितलं असतं तर ती काहीच बोलली नसती, आणि ते मला सहन झालं नसतं. आईनेही विचारलं, "काय सोदतंस?" काय नाय, म्हटलं. ती चुलीपाशी चंची उघडून बसली होती, सुपारी सापडेना म्हणून करवादत होती, की हिच्यात आता बोट घालायला जागा उरली नाही. ती पानसुपारीची पिशवी तिच्या लग्नातली आहे, सहा खण आणि प्रत्येकात निम्मा संसार. जागा कुठून उरणार?

दुपारी वहाळापर्यंत गेलो. पायवाट जिथे उतरते तिथे पाणी घोट्याएवढंच आहे. पलीकडे आमच्या घराच्या कौलांचा कोपरा दिसतो. दहा मिनिटांचं काम. मी देव मानत नाही असं नाही, पण देव माझ्या डोंगलवर नजर ठेवून बसला असेल असं मला वाटत नाही.

बाबा वहाळावरच्या मोरीवर, छोट्या पुलावर, बसले होते, वाटेकडे तोंड करून. पळणीचे तीन दिवस ते तिथेच बसतात. मला म्हणाले, "खाली दगड निसरडे आसत." एवढंच. मी म्हटलं, पाय धुवायला आलो होतो. आणि खरंच पाय धुवून परत आलो.

उद्या पहाटे काजूंच्या बागेतून जाईन. बाबा तेव्हा चहाला झोपडीत असतात.

उर्वशीचा सामना झाला. तिची टीम जिंकली. अर्धं गाव तिच्यामागे उभं राहून बघत होतं आणि कोणाला काही कळत नव्हतं. बटणांचा आवाज वाढला की ते ओरडायचे, थांबला की गप्प व्हायचे.

१२ डिसेंबर, सकाळ

गेलो होतो. काजूंमधून वहाळाशी उतरलो. उजाडलं होतं.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पलीकडे कुत्रं नाही, कोंबडा नाही, पंप नाही, कोणी खाकरत नाही. माझ्या कीबोर्डाच्या माहितीपत्रकात मी 'संपूर्ण शांत' असे शब्द लिहिलेत. ते लिहिताना मला असलं काही अभिप्रेत नव्हतं.

एक पाय पाण्यात घातला, दुसरा दगडावर. तेवढ्यात मागून, झोपड्यांच्या बाजूने, कट् कट् ऐकू आलं. उर्वशी पेपर काढायला बसली होती. एवढ्या लांबून प्रत्येक बटण वेगळं ऐकू येत होतं. ती ओळ संपवते तेव्हा एंटर जरा जोरात मारते, तेसुद्धा. मग थांबली. मी थांबलो. मग पुन्हा सुरू झालं.

मला वाटलं, तिचं बोट इथे ऐकू येतंय तर माझं पाऊल तिकडे ऐकू जाईल. म्हणून परतलो. कारण तेवढंच. चप्पल आणि लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला. बाबा चहा पीत होते. त्यांनी लेंग्याकडे बघितलं आणि कपात बिस्किट बुडवलं.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

मॅडम जाऊन तासभर झाला. जसं झालं तसं लिहितो.

बाळाने त्यांना कुडाळहून रिक्षातून आणलं. धुळीने भरल्या होत्या आणि खुशीत होत्या. उर्वशीने चटई घातली, आईने कुर्ल्यांचं सांबारं वाढलं. त्या जेवत असताना मी बोललो. दिवे, अक्षरं, गंज, आवाज. मग पुन्हा गंज. मग मुंग्यासुद्धा, ज्या ठरलेल्या नव्हत्या. बाबा मोरीवरून उठून आले आणि खांबाला टेकून बसले. मी इतका वेळ सलग बोललेलो त्यांनी कधी ऐकलं नसेल.

मॅडमनी हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, "आता टाइप करून बघू दे."

मी म्हणालो, "चालणार नाही. डोंगल राहिला."

त्यांनी वायर विचारली, ब्लूटूथ विचारलं. दोन्हीला नाही म्हणावं लागलं. डोंगल कुठे आहे, तर घरी. घर किती लांब, तर मी हात करून दाखवलं. माडांमधून कौलांचा कोपरा दिसत होता. त्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. उर्वशी वहाळाकडे बघत होती.

बाबा कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलले. "मॅडम, ते घर उद्या सकाळपर्यंत आमचं नाही." मग माझ्याकडे वळले. "दत्तू, जा. घेवन ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाळा दारात उभा होता, तो मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघत राहिला.

"कोणी इचारल्यान तर मी सांगतलंय, मी धाडलंय म्हणान," बाबा म्हणाले. "माझो मानकऱ्याचो मान दुसऱ्याक देवक येता. सकाळी तू व्हाळात पाय घालून परत इलंस, तां मी बघलंय. आता मी सांगतंय, म्हणान जा."

चारशे माणसं आणि त्यांची गुरं ज्यांच्या शब्दावर वहाळापलीकडे येऊन बसलीत, ते हे सांगत होते. एका नखाएवढ्या तुकड्यासाठी. आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, आठवण करून दिल्यासारखं सांगत होते, छत्री घेऊन जा असं सांगावं तसं.

मी म्हटलं, "नको, बाबा."

"काम हातातसून जायत."

"जांव दे."

हे मी म्हणालो. आत्ता लिहिताना माझा विश्वास बसत नाही, पण म्हणालो. मॅडम लॅपटॉप मिटायला लागल्या. आई पातेलं घेऊन चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "मेल्यांनो, पण घरातसून हाडूचां आसा काय?"

उर्वशीने सांगितलं. काळं, नखाएवढं, टोकाला हिरवा दिवा लागतो, संगणकाच्या मागे होतं.

आईने पातेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, कमरेची चंची सोडली, तिसऱ्या खणातून चुन्याची डबी काढून बाजूला ठेवली आणि बोट घालून डोंगल बाहेर काढला. "ह्यां?"

तिने तो उर्वशीच्या हातावर ठेवला.

"घरात दिवो ठेवूचो नाय म्हणान उपटून हाडलंय. परत गेल्यार लावतलंय होतंय." मग माझ्याकडे बघून, "काल दिसभर सोदी होतंस तां ह्यांच? मी इचारलंय तेव्हा काय नाय म्हणालंस. सांगतलंस तर तोंड झिजला असतां?"

बाळा बाहेर जाऊन हसला. तो लांब गेला तरी ऐकू येत होता.

टोकाला चुना लागला होता. उर्वशीने ओढणीच्या कोपऱ्याने पुसला, फुंकर मारली, मॅडमच्या लॅपटॉपला लावला. क्षणभर काहीच नाही. मग हिरवा डोळा उघडला.

मॅडमनी बराच वेळ टाइप केलं, डोळे मिटूनही केलं. आवाज नाही हे त्यांना फार आवडलं. दिवे नाहीत हे आवडलं. मग त्या म्हणाल्या, "पण बटण लागलं की नाही, ते बोटाला कळत नाही." मी उर्वशीकडे बघितलं नाही. मॅडमनीच बघितलं, तिला खेळायला सांगितलं, आणि त्यानंतरचा अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. आवाज न होता बोटाला नुसता एक खडा लागल्यासारखं व्हावं, असं काहीतरी. असे स्विच मिळतात. मला ते माहीत होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, असं लिहिणार होतो; पण तिने २९ तारखेलाच सांगितलेलं वर लिहून ठेवलंय.

जाताना मॅडमनी डोंगल काढून हातात धरला आणि विचारलं, "हा ठेवायची जागा कुठे आहे?"

"होती. मी काढली."

"का?"

"तळाची रेषा बिघडत होती."

त्यांनी कीबोर्ड उलटा केला आणि तळ नीट बघितला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तळ कोण बघतं?"

पंधराच्या बैठकीत हा नमुना जाणार नाही. कप्पा घालायचा, स्विच बदलायचे, फेब्रुवारीत पुन्हा दाखवायचं. तोवर त्या माझ्या कीबोर्डसाठी जागा राखून ठेवतील, पण तसं लिहून देऊ शकत नाहीत. पुण्याची खुर्ची १ जानेवारीची आहे. फेब्रुवारी जानेवारीनंतर येतो, हे मला कोणी सांगायला नको.

बाबा पुन्हा मोरीवर जाऊन बसले आहेत. आज रात्र तेवढी राहिली.

१३ डिसेंबर

सकाळी कौल झाला. उजवा पडला, म्हणजे देवाचा होकार. दुपारपर्यंत सगळं गाव परत. मांजर टोपलीतून उडी मारून आमच्याआधी घरात शिरलं. जाताना केवढं नाटक केलं होतं त्याने.

आईने देवासमोर वात लावली, चूल पेटवली, मग माझ्या खोलीत आली आणि चंची सोडून डोंगल काढला; काल मॅडम गेल्यावर तो तिनेच पुन्हा ठेवून घेतला होता. मी हात पुढे केला तर दिला नाही. "मी काढलंय, मी लावतंय." संगणकामागे वाकून तिने तो लावायचा प्रयत्न केला. जाईना. उलटा केला, जाईना. पुन्हा पहिल्यासारखा केला, तेव्हा गेला.

"ह्येची सुलटी बाजू खयची, तां कसां कळतलां?"

"कोणालाच कळत नाही, आये. सगळ्या जगाची तीच बोंब आहे."

"मगे काय शिकलंस तू सात वर्सां?"

कप्प्यासाठी माप हवं म्हणून मी तिची चंची बघायला मागितली. तो तिसरा खण नेमका कसा शिवलाय, डोंगल तिथून तीन दिवस पडला कसा नाही, ते बघायचं होतं. देणार नाही म्हणाली, तोंडाने विचार, सांगते. मग तिने सांगितलं. तोंड अरुंद आणि पोट मोठं, आणि वस्तू आडवी जाते पण आडवी बाहेर येत नाही, बोटाने उभी करावी लागते. मी काढून घेतलं. तळाची रेषा मधेच तुटते. तुटू दे.

उर्वशी विहिरीवर होती. तीन दिवस पाणी न मिळता मिरच्या जगल्या आहेत. तिने ते सांगितलं आणि पुढे काही विचारलं नाही, पुण्याचं तर अजिबात नाही. मीही बोललो नाही. मग आईचं ते झिजणारं तोंड आठवलं.

नमुना उघडून ठेवलाय, म्हणून उर्वशीचा कीबोर्ड घेतला आणि पुण्याच्या साहेबांना मेल लिहायला बसलो. तो कीबोर्ड अजून मला पटत नाही. वायर मनगटाला लागते, सायकलची ट्यूब घसरते, आणि ए दाबलं की शेजारचं एसही दाबलं जातं. तीन ओळींची मेल, पण कट् कट् सगळ्या घराला ऐकू गेली. सुपारी कातरणं थांबलं. विहिरीवरचा रहाट थांबला.

ओट्यावरून बाबांनी विचारलं, "काय लिवतंस रे?"

काय नाय, असं तोंडाशी आलं होतं.

"पुण्याक येणा नाय म्हणान लिवतंय," मी मोठ्याने म्हणालो, विहिरीपर्यंत जाईल असं. आणि एंटर मारला, तिच्यासारखा, जरा जोरात.